मेंब्रेनवरची साय

दोन महिने लेकीकडे राहून परत आले, तर पाणी शुद्ध करायच्या मशीनची धार अगदी बारीक झालेली. दुरुस्तीला आलेल्या साळवींनी आतल्या मेंब्रेनची गुंडाळी काढली आणि कापून उलगडून दाखवली. पांढऱ्या पडद्यावर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती.

"जिवाणू आहेत, काकू. मशीन बंद होतं, पाणी आत साचून राहिलं, त्यांनी घर केलं."

मी ओशाळले. कालचं पाणी शिळं म्हणून रोज सकाळी कुंड्यांना घालणारी मी. आल्या आल्या कळशी चिंचेने लखलखीत घासली, आणि तिच्यात मशीनमधलं दोन महिन्यांचं पाणी भरलं.

तरी त्या सायीवरून बोट फिरवताना किळस आली नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव, जागा मिळाली तिथे एकमेकांना धरून संसार थाटून बसले होते. मी तरी लेकीकडे वेगळं काय केलं? आठव्या दिवशी तिच्या मसाल्याच्या डब्याची जागा बदलली होती.

नवं मेंब्रेन बसलं, धार मोठी झाली. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "तो डबा ठेव बाई त्याच्या जुन्या जागी परत."

"राहू दे गं," ती म्हणाली, "आता हात तिथेच जातो."