लॅपटॉप माझा, समजावणार साहेबाले!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून परतीच्या बसमध्येच लिहून राह्यले.

मी शिक्षिका. काल दसऱ्याला लॅपटॉपची हळदकुंकू, अक्षता, झेंडू वाहून पूजा केली आणि आज सकाळी तो सुरूच होईना. पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यातच, उद्या शेवटचा दिवस!

सुलतानपूरहून तडक लोणार गाठलं. दुरुस्तीवाल्यानं दोनदा बटण दाबलं आणि मोकळा झाला.

"मॅडम, मदरबोर्ड गेला. आता नवाच घ्या."

"अहो, नीट पाहा तर खरं."

"साहेब नाही आले काय? त्याइले पाठवा, मी त्याइले समजावून सांगतो."

लॅपटॉप माझा, काम माझं, आणि समजावणार साहेबाले, म्हणजे माझ्या नवऱ्याले?

मीच मोबाइलचा उजेड चार्जरच्या भोकात मारला. आत कुंकवानं लाल झालेला अक्षतेचा तुकडा! पिन पूर्ण आत जातच नव्हती, बॅटरी पार उतरलेली. त्याच्याच देवाजवळची विझलेली उदबत्तीची काडी उचलली, तुकडा काढला, चार्जर लावला. दहा मिनिटांत लॅपटॉप सुरू.

अक्षता मीच टाकल्या, चूक माझी, कबूल. पण त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही कालच्याच अक्षता होत्या की! तरी आत डोकवावंसं वाटलं नाही.

निघताना वर म्हणतो, "साहेबाइले सांगा, काम झालं म्हणून."

आमचे साहेब सकाळपासून शेतात विळा घेऊन सोयाबीन सोंगून राह्यले. लॅपटॉपचं बटण कुठं असते, हेही त्यांना माहीत नाही. आता तुम्हीच सांगा, काय सांगू त्यांना?