दादांना मी लावलेली कसरत

मी शाळेत कसरतीचा मास्तर. छप्पन साली आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला त्या सुमारास सोलापूरला कोर्स करून आलो, आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर माझ्याकडं एकच औषध होतं, जोर-बैठका. सर्दी झालेल्यालाही मी वीस बैठका सांगायचो. तुळजापुरात लोक मला पाहिलं की खोकला दाबायचे.

अशा शहाण्याच्या घरात दादा आजारी पडले. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, देवीचे पुजारी. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी यात्रेकरूंची ठरलेली घराणी होती. त्यांना दर्शन घडवायचं, मळवट भरायचा, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हे दादांचं काम. एक दिवस माळ त्यांच्या हातून निसटली. मग रोजच निसटायला लागली. अंगठ्याजवळचं मांस बसलं, चालताना उजवी चप्पल मागं राहायला लागली. दादांना एकच घोर लागला होता.

"मास्तर, नवरात्रापर्यंत हात नीट हुईल का रं? माझ्या माणसांना माळ मीच घालणार."

"हुईल म्हणजे? धावाल तुम्ही," मी म्हणालो. अक्कल गहाण ठेवून बोलायची माझी जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दादा अंगणात. पंधरा जोर, तीस बैठका, वर भरलेली कळशी उचलायची. वहिनी म्हणायच्या, "भावजी, लई होतंय त्यांना." मी त्यांनाच शिस्तीवर व्याख्यान दिलं. काही दिवसांनी दादांच्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरताना दिसलं. मी घर डोक्यावर घेतलं. स्नायू जागे झाले म्हणून गल्लीत पेढे वाटले. शेजाऱ्यांना बोलावून, दादांची बाही वर करून ती थरथर दाखवली आणि कौतुक करून घेतलं. दादांचं नव्हे, माझं.

महिन्याभरात दादा बैठकीतून उठेनात. तेव्हा कुठं मी त्यांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथंही मोठ्या ऐटीत ती थरथर दाखवली. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, हे स्नायू जागे झालेले नाहीत. मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या नसा मरत चालल्यात, त्याची ही खूण. त्यांना दमवून उरलीसुरली ताकद कशाला घालवता?"

औषध नव्हतं. हातपाय जातील, मग बोलणं, गिळणं. समज बहुतेक शाबूत राहील. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला पुन्हा पहिलीत बसवलं. दमवायचं नाही. सांधे आखडू नयेत म्हणून एकेक सांधा आपल्या हातानं हळूहळू फिरवायचा. मनगट लोंबू नये म्हणून पट्टी बांधायची. जेवताना ताठ बसवायचं, घास लहान द्यायचे. आणि मास्तरांनी आकडे मोजत ओरडायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

नवरात्र आलं. लोहारा गावचं एक शेतकरी घराणं दर्शनाला आलं, त्यातल्या म्हातारीनं माळेसाठी मान खाली केली. दादांचा हात खांद्यापर्यंतसुद्धा जाईना. मी मागं उभा राहिलो, त्यांची कोपरं माझ्या तळहातावर घेतली आणि बाईंनी शिकवल्यासारखी हळू वर नेली. माळ गळ्यात पडली. त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना माळ दादांच्याच हातानं पडली.

संध्याकाळी त्यांचं मनगट फिरवताना मी म्हणालो, "दादा, चुकलो. तुमचा हात मी लवकर घालवला."

"कळत व्हतं मला," दादा अडखळत म्हणाले. जीभ जड व्हायला लागली होती. "जोर काढले की दुसऱ्या दिवशी हात आणखी लुळा पडायचा."

"मग बोलला का न्हाय तुम्ही?"

"लहानपणापास्नं तू तालमीत, न्हायतर शाळंत. त्या कसरतीपायी तू रोज तासभर माझ्याजवळ बसायला लागलास. बोललो असतो तर उठून गेला असतास."

मनगट फिरवायचं राहून गेलं. मी ते नुसतं धरून बसलो.