पाण्याच्या रांगेत ऐकलेलं विद्यापीठ

ऑस्ट्रेलियातल्या त्या विद्यापीठाचं माहितीपुस्तक मी लातुरात टँकरच्या रांगेत बसून ऐकलं. नात इंग्रजीतून वाचायची आणि लगेच मराठी करून सांगायची. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजीचं अक्षर मला कळत नाही, पण चित्रावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारता येत होतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीतले सगळे बोअर आटले होते. टँकरला वेळ नव्हती, सकाळी आला तर आला, नाहीतर दुपार कलल्यावर. आधी बायका घागरी रांगेत ठेवून घरी जायच्या. त्यावरून भांडणं झाली, एकीचं डोकं फुटलं, मग बायकांनीच कायदा केला. घागरीजवळ माणूस पाहिजे. माणूस नसेल तर घागर लाथेनं बाजूला. माझं कंबरेचं हाड आधीच मोडलेलं होतं. मला बसता येत होतं, उचलता येत नव्हतं. म्हणून घागरींजवळ मी बसायचे आणि टँकर आला की भरून घरी नात न्यायची. आमचं घर असं चाललं होतं.

लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी तरणी होते. माझ्या नवऱ्यानं पेढे आणले होते. कलेक्टर आला, आता पाणीही येईल, म्हणायचा. कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली, शिकवण्या आल्या, गावोगावची पोरं शिकायला आली. पाणी यायच्या आत नवरा गेला. त्या उन्हाळ्यात उदगीरकडची माणसं पुन्हा आपला वेगळा जिल्हा मागत होती. रांगेत एक जण म्हणाली, "होऊ द्या की. तेवढी तोंडं तरी कमी होतील." रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले. आमच्या गल्लीत यायला त्या पाण्यालाही टँकरच लागत होता.

नातीची आई ती लहान असतानाच वारली. माझ्या मुलानं नांदेडला दुसरं लग्न केलं आणि पोरगी माझ्याकडं राहिली. तिनं दगडमातीचं, जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण घेतलं. पुढं शिकायला त्या विद्यापीठानं तिला घेतलं होतं आणि सरकारची परदेशी शिकायची शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. तिनं फक्त येते किंवा येत नाही एवढं कळवायचं होतं. ते ती कळवत नव्हती. विचारलं की म्हणायची, "बघू." पुस्तक मात्र रोज रांगेत घेऊन यायची.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे विद्यापीठ ज्या जागेवर उभं आहे ती जागा तिथल्या मूळच्या लोकांची, आणि विद्यापीठ त्यांचा मान राखतं. आमच्या शेजारची मावशी, जिच्या तोंडाला गल्ली भ्यायची, तिनं विचारलं, "मग जागा परत दिली का त्यांची?"

"न्हाई मावशी. आदरानं नाव घेतात."

"म्हणजे जयभीम म्हणायचं आन् वाड्याबाहेर बसवायचं. आपल्यावानीच हाय की."

"निदान पहिल्या पानावर लिवलंय तरी," नात म्हणाली.

पुढं काय काय होतं. देशातल्या मोठ्या विद्यापीठांपैकी हे एक. जुनं, दगडी इमारतींचं. शंभरावर देशांतली पोरं. वर्षात दोनदा वर्ग सुरू होतात, एकदा फेब्रुवारीत, एकदा जुलैत, कारण आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. लायब्ररी रात्रंदिवस उघडी. मास्तरांना नावानं हाक मारायची.

"नावानं?" एक म्हातारी म्हणाली. "मी अजून नवऱ्याचं नाव घेत न्हाई."

"तुझा नवरा शिकवतो का काही?" मावशी म्हणाली. बायका हसल्या. उन्हात हसायलाही ताकद लागते, लगेच गप्प झाल्या.

तिथं शिकवण्यापेक्षा संशोधन मोठं, असं नात समजावून सांगत होती. जे अजून कुणालाच माहीत नाही ते हुडकून काढायचं.

"मग टँकर कुठं हाय ते हुडक," मावशी म्हणाली.

"टँकर न्हाई, पण पाणी हुडकतात मावशी. तिथंही कोरडा मुलूख लई हाय. खडकात पाणी किती खोल गेलंय, किती उपसलं तर संपतंय, ते सगळं मोजणारे लोक हायत. मला त्यांच्याचकडं घेतलंय."

हे सांगताना तिचा आवाज बदलला. मला तेव्हाच कळलं की तिला जायचं आहे. बघू, बघू म्हणते ते माझ्यासाठी.

एका पानावर हिरवंगार गवत होतं आणि त्यावर पोरं उताणी झोपली होती. मागं पाण्याचा फवारा उडत होता. ते पान सगळ्या रांगेत फिरलं. "गवताला पाणी पाजतात," एक बाई म्हणाली. "म्हशी किती हायत त्यांच्या?" म्हशी नाहीत म्हटल्यावर तिनं पान पुढं सरकवलं. शेवटच्या पानांत एका खोलीची माहिती होती. घरच्या आठवणीनं ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी तिथं जाऊन बोलायचं, ऐकायला माणूस बसलेला असतो. मावशी म्हणाली, "माझं नाव घाल तिथं."

त्या रात्री मी नातीला विचारलं, "कधी कळवणारेस?"

"न्हाई म्हणून कळवणारे."

"का?"

"आज्जे, तू घागर उचल. मी उद्याच जाते."

ती रागानं बोलली नाही. हिशोब सांगावा तसं सांगितलं, आणि तो बरोबर होता. तरी दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी घागर उचलली. गुडघ्यापर्यंत आली. मग कंबरेत कळ गेली, हात सुटला आणि घागर फुटली. प्लास्टिकची घागर तळाशी फुटते. पाणी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेलं. मी तिथंच बसले होते, उठता येत नव्हतं. नात आली. माझं जुनं लुगडं घेतलं, जमिनीवरचं पाणी टिपलं आणि बादलीत पिळलं. परत टिपलं, परत पिळलं. सगळी जमीन तिनं अशी पिळून काढली. ते गढूळ पाणी आम्ही दोन दिवस भांड्यांना वापरलं.

तिसऱ्या दिवशी मी मावशीच्या फोनवरून मुलाला फोन लावला.

"मी तुझ्याकडं येऊन राहते."

तो म्हणाला, "माय, इकडं जागा कुठाय? वरांडाच हाय फक्त."

"वरांडा चालंल."

"हिला विचारतो."

"विचारू नको. सांग. मी यायलेय."

घागरी मी मावशीला दिल्या. ती म्हणाली, "पोरीला सांगितलं का?" मी म्हटलं, घागरी दिसल्या नाहीत की कळेल तिला. तसंच झालं. संध्याकाळी नात मोकळा कोपरा बघत उभी राहिली. मी गाठोडं बांधत होते.

"कुठं चाललीस?"

"नांदेडला. तुझ्या बापाकडं."

"तिथं तुला कोण विचारतं? त्या बाईनं माझ्या आईचा फोटोसुद्धा लावू दिला न्हाई."

"मला फोटो लावायचा न्हाई. झोपायचंय."

"आज्जे, तू मला घरातनं काढतेयस."

"हाव. काढायलेय. तू जा नाहीतर राहा, इथं आता रांगेत बसायला कुणी न्हाई."

तरी नांदेडपर्यंत ती बसनं सोबत आली. उतरल्यावर गाठोडं तिनंच उचललं, बापाच्या दारात ठेवलं आणि उलट्या पावली गेली. त्याच आठवड्यात तिनं येते म्हणून कळवलं, हे मला मुलाकडून कळलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं ते शिक्षण झालं, मग पुढचं संशोधन धरलं. मधे एकदाच आली, चार दिवस. वरांड्यातली माझी बाज बघून गेली. लातूरच्या घराचे पत्रे कुणीतरी काढून नेले. सून मला वेळेवर जेवायला देते. बोलत नाही, पण उपाशीही ठेवत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही एवढंच केलं असतं.

नात दर रविवारी फोन करते. मागं एकदा तिनं फोनमध्ये चेहरा न दाखवता जमीन दाखवली. पिवळं, वाळून गेलेलं गवत होतं. म्हणाली, "ओळख."

"कुणाचं शेत?"

"पुस्तकातलं गवत हाय हे. पाऊस न्हाई इकडं. गवताला पाणी घालायला बंदी केलीय."

"पुस्तकात हे न्हवतं."

"पुस्तकात कोण लिवंल?"

"बरं झालं. आता तुला घरच्यासारखं वाटंल."

ती हसली नाही. त्या खोलीत जातेस का, जिथं ऐकायला माणूस बसतो, असं मी विचारलं. आधी जायची, म्हणाली. आता नाही. मग तिनं विचारलं, "तिथं पाणी कसं हाय?"

"नळ हाय. घरात येतो."

"भरावं लागतं का तुला?"

"न्हाई."

"मग दिवसभर काय करतीस?"

"बसते," मी म्हटलं. लातुरातही मी बसतच होते. पण तिथं मी उठले असते तर आमची घागर लाथेनं बाजूला गेली असती.