खोकायला लावणारी सून

लोक खोकला थांबवायला पैसे घेतात, आमची सून खोकायला लावायचा पगार घेते. लग्न ठरलं तेव्हा शेजारणी यावर पोट धरून हसल्या. हसोत बापड्या. मोठ्या हॉस्पिटलात, छातीच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे ती. कामावर आवाज खणखणीत, पण घरी सासऱ्यांसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. हेही तसेच. काही हवं असलं की मला सांगणार, "तिला म्हणावं..." दोघांच्या मधे निरोप पोचवून माझे पाय दुखायचे.

हे सुतार. एका दुकानाचा माळा करताना शिडीवरून घसरले आणि छातीवर आपटले, ते थेट लाकडांच्या थप्पीवर. वरून साधं खरचटलंही नाही, म्हणून स्वारी घरी येऊन चहा मागत बसली. पिता पिता धाप लागली, चेहरा पांढराफटक पडला. सुनेनं त्यांचा श्वास पाहिला, हातातला कप काढून घेतला आणि गाडी बोलावून थेट आपल्याच हॉस्पिटलात नेलं.

बरगड्या मोडल्या होत्या आणि आत फुप्फुसाभोवती रक्त साठलं होतं. सर्जननी बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या बाटलीत. भडाभडा रक्त आलं. मग ते मंदावलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे पाहून सर्जन म्हणाले की तळाशी अजून आहे. खोल श्वास घेतला, जोर लावून खोकले, तर नळीवाटे निघेल आणि दबलेलं फुप्फुस फुगेल. नाहीतर तिथेच गोठून बसेल, मग ऑपरेशन. यांचं हृदय आधीच अधू. ऑपरेशन झेपायचं कसं?

आणि हा माणूस खोकेना! खोकलं की कळ येणार, कळ आली की तोंडातून आवाज निघणार. सुनेसमोर कण्हायचं? छे. दात आवळून पडून राहिले. ती आली की झोपेचं सोंग. जीव गेला तरी चालेल, ताठा जायला नको.

तिनं नर्सकडून दुखणं थांबायचं इंजेक्शन देववलं, त्यांना उठवून बसवलं, छातीशी धरायला उशी दिली. तरी हूं नाही की चूं नाही. मग मात्र पोरीचा पारा चढला.

"बाबा, इथे मी सून नाही. ओरडा, रडा, मला शिव्या घाला, पण खोका. खोका म्हणते ना!"

पलीकडच्या खाटेवरचा गडी घाबरून आपणच खोकला. आणि मग हे खोकले. आई गं म्हणून ओरडले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिचा हात धरला आणि परत खोकले. नळीतून काळपट रक्त उतरायला लागलं. ती दिवसभर येत राहिली, हेही मुकाट्यानं उशी उचलत राहिले.

पुढच्या एक्स-रेत फुप्फुस पुरतं फुगलेलं दिसलं. सर्जन म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून रडून घेतलं. माझी सून आहे ती, माझी! अभिमानानं ऊर भरून आला, लपवू कशाला?

तेवढ्यात ती आली, चेहरा उतरलेला.

"आई, मी बाबांना फार बोलले का हो?"

"कमीच बोललीस," मी म्हटलं. "इतक्या वर्षांच्या संसारात माझं बरंच बोलायचं राहून गेलंय. घरी आले की तेही ऐकव त्यांना."