मुगाएवढा शंख

तिचं नाव मी विचारलंच नाही. मनीषनगरच्या एका रोपवाटिकेत ती कुंड्यांना पाणी घालायची. अंगानं एवढीशी, उन्हापायी डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे.

एकदा कुंडीखाली मला मुगाएवढी गोगलगाय सापडली. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. भिंगातून पाहिलं आणि 'पिल्लू आहे' म्हणत वहीत लिहूनही टाकलं.

तिनं हातातला पाइप खाली टाकला. "पिल्लू काहून म्हणून राहिले, सर? पिल्लाच्या शंखाचा काठ पातळ रायते. हिचा पाहा, जाड होऊन बाहेर वळला. पुरी वाढलेली हाये हे."

मी पुन्हा भिंग लावलं. काठ खरंच जाड होता.

"शाब्बास, पोरी!" मी म्हणालो.

तिनं दुपट्टा सोडला. केस पांढरेशुभ्र होते.

"मलेबी पिल्लूच समजले काय, सर?"