गोड्या पाण्याची कॅन

फोन आला तेव्हा नळ सुरू होता. अमरावतीत आमच्या भागात पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे नळ आला की बाकी सगळं जग थोडा वेळ थांबतं. मी झाकणाची पांढरी कॅन नळाखाली धरून बसलो होतो. कोजागिरी होऊन गेली होती, पहाटे चादर ओढावीशी वाटू लागली होती, आणि सलीमचा निरोप येऊन गेला होता, "थंडी लागली. पानी घेऊन ये." फोनवर मात्र सलीम नव्हता, त्याची बायको, नसीमभाभी होत्या. "भैया..." म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे गेले." सकाळच्या नमाजानंतर त्याने चहा मागितला होता. चहा घेऊन त्या बाहेर आल्या, तेवढ्यात सगळं संपलं होतं. कॅन भरून पाणी मोरीभर झालं तरी मी नळ बंद केला नाही. दुपारी मयतीसाठी मूर्तिजापूरच्या स्टेशनवर उतरलो, तेव्हा कितीतरी वर्षांनी माझे हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत तेच मला कळेना.

सलीम आणि मी अकोल्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, आणि त्या हंसांपुढे ताठ बसलेली अर्ध्या अकोल्याची नवरा-नवरी. मी पुढे अमरावतीला शाळेत भूगोल शिकवू लागलो आणि सलीम एका वर्तमानपत्रात छायाचित्रकार झाला. स्टुडिओ मिटला, पडदा कुणी तरी मांडवाला नेला. वडिलांचा दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा तेवढा सलीमने कपाटात ठेवला. वापरायला नव्हे, आठवण म्हणून. हाती तेव्हा नवा डिजिटल कॅमेरा आला होता, आणि त्याला रोलही लागत नव्हता नि धीरही.

ती वर्षं वाईट होती. आमच्या वऱ्हाडातलं एखादं गाव पेपरात यायचं ते बहुतेक एकाच कारणाने. शेतकरी गेला की दुसऱ्या दिवशी सलीमला त्या घरी पाठवत. कचेरीतून बजावून सांगितलेलं असायचं, बाईच्या डोळ्यांत पाणी पाहिजे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावी सुमनबाई नावाच्या बाईचा फोटो त्याने असाच काढला. भिंतीशी टेकून बसलेली, मांडीवर नवऱ्याची तसबीर, पदर तोंडाशी. पहिल्या पानावर छापून आला, खूप नावाजला गेला. सलीमने तो मला कधी दाखवला नाही. काही वर्षांनी नोकरी सोडून तो अकोल्याहून मूर्तिजापूरला भाभींच्या माहेरच्या गल्लीत राहायला आला, तेव्हा मी विचारलं, काहून सोडली? "डोळे दुखून राहिले," म्हणाला. मी चष्म्याच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. असा मी हुशार.

मग एका बाजारच्या दिवशी सुमनबाईच त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्याला त्यांनी लगेच ओळखलं. रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. "भाऊ, तुमचा तो फोटू अजून छापून येते," त्या म्हणाल्या. "कोनाचं भाषन असो का मोर्चा असो, मी आपली भिंतीशी बसेलच. पोरीले शाळेत दाखवतात, पाह्य तुही माय. आता मी शिलाई करतो, वावर पायतो, दोन पोरी शिकवल्या. तवा एक उभी काढा. पाय दिसले पायजे, चपलीसकट."

सलीम घरी आला आणि त्याने कपाटातून वडिलांचा कॅमेरा काढला. डिजिटल का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्याच कॅमेऱ्यानं तिले बसवलं होतं." या जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा आणि वरून त्याच्या काचेत बघायचं. म्हणजे समोरच्या माणसापुढे मान खाली घातल्याशिवाय त्याचा फोटो निघतच नाही. सलीमला हे फार आवडायचं. "अब्बा सगळ्या अकोल्याले मुजरा करत होते, मले आता समजलं," म्हणायचा.

रोल त्याने मुंबईहून मागवला, सुमनबाईंचे फोटो काढले, आणि घरीच न्हाणीत अंधार करून रोल धुतला. औषधं बरोबर होती, हातही वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. चुकलं ते पाणी. सलीमचं घर खारपाण पट्ट्यातलं. बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. शेवटी रोल त्याच पाण्यात खळखळून धुतला आणि वाळत घातला. वाळल्यावर सगळ्या निगेटिव्हवर मिठाचे ठिपके. ते पुसायला गेला तर ओरखडे उठले. मला फोन करून म्हणाला, "आभायभर कापूस फुटला राजा. बाई कुठं अन् बोंड कुठं, काही समजत नाही." घरात प्यायचं गोडं पाणी होतं, पण भाभींनी साफ सांगितलं होतं की आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी फोटोला मिळणार नाही. मी त्याला पूर्णेचं खोरं, तिथली चोपण जमीन, खालचा क्षार, सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भूगोल ठेव तुह्यापाशी, वसंता. पानी आन."

तेव्हापासून मी त्याचा पाणक्या झालो. माझी पत्नी सुधा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात मी आणि रेडिओ, आणि रेडिओ तरी बोलायचा. आठवड्यातून एकदा मी अमरावतीचं पाणी भरून घ्यायचो, बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायचो आणि मांडीवर कॅन घेऊन बसायचो. शेजारचे प्रवासी विचारत, गंगाजल का? मी हो म्हणायचो. आमचा हंगाम दिवाळी ते होळी. रोल धुवायला औषध थंड लागतं, आणि चैत्रानंतर आमच्याकडच्या टाकीतलं पाणी नुसतं चहापत्ती टाकायचं बाकी असतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात काढलेले रोल फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात मेथी-कोथिंबिरीखाली थंडीची वाट बघत पडायचे.

रोल धुताना सलीम न्हाणीत, भाभी दाराबाहेर भिंतीवरच्या घड्याळाखाली. "नसीम, किती झालं?" आतून आवाज यायचा आणि भाभी मटार सोलता सोलता वेळ सांगायच्या. मला काहीच काम नसायचं. म्हणून त्याने एक फुकट गेलेला रोल आणि धुण्याआधी अंधारात फिल्म जिच्यावर चढवतात ती चक्री माझ्या हातात दिली. "बसला आहेस तं डोये मिटून हे गुंडाय." मी ओसरीवर डोळे मिटून गुंडाळायचो, ते अडकायचं, तो उलगडायला लावायचा. तोंडाने आमच्या गप्पा चालूच. सुधाबद्दल मी पहिल्यांदा बोललो ते असंच, डोळे मिटून, हातातली फिल्म चाचपत... शेवटी कॅनच्या तळाला जे पाणी उरे, त्याचा भाभी चहा करायच्या. त्या घरात तेवढाच चहा चहासारखा लागायचा.

सुमनबाईंकडे मात्र तो लवकर परत गेला नाही. हात बसल्याशिवाय त्या दारात उभा राहणार नाही, म्हणायचा. आम्ही शकुंतला या छोट्या रेल्वेचे रुळ धुतले, सरकीचे ढीग धुतले, भाभींचे भाचे धुतले. यंदा भादव्यात तो त्यांच्याकडे गेला. सुमनबाईंनी नवं लुगडं नेसून, चपला घालून, दारात उभं राहून फोटो काढून घेतला. रोल कोथिंबिरीखाली गेला. आणि थंडी लागली, तेव्हा तो धुवायला सलीम नव्हता.

महिना होऊन गेल्यावर भाभींचा फोन आला. "भैया, हे गेल्याचं समजलं म्हून सुमनबाई मातमाले आल्या होत्या. फोटूचं त्याईनं इचारलं नाही. पन मले रोज भाजी काहाडतानी तो रोल दिसते." कॅन तशीच मोरीत भरून पडली होती. ती ओतून ताजं पाणी भरलं आणि गेलो. न्हाणीत शिरलो, दाराच्या फटीला भाभींनी बाहेरून रजई लावली. त्या काळोखात मी डोळे उघडे ठेवले तर हात चालेनात. मग मिटले. सलीम ओसरीवर बसून काहीतरी बोलतो आहे असं धरून चाललो, आणि फिल्म चक्रीत सरळ सरकत गेली. औषध कुठलं आधी, ते बाटल्यांवर त्याने लिहून ठेवलेलं होतं. किती वेळ, ते भाभींना पाठ होतं. "भाभी, किती झालं?" मी आतून विचारलं. बाहेरून त्यांनी वेळ सांगितली. शेवटी गोडं पाणी.

रोल वाळला. मी तो खिडकीच्या उजेडाला धरला. एकही ठिपका नव्हता. भाभी बघत राहिल्या आणि मग अर्धं हसत, अर्धं डोळे पुसत म्हणाल्या, "आता सांगतो तुमाले. गल्लीच्या तोंडावर बॅटरीचं दुकान हाये ना, त्याच्यापाशी बॅटरीत टाकायचं पानी भेटते. पहिल्याच थंडीत यायनं एक रोल त्यात धुतला होता. साफ निंघाला, काचेवानी. मग बाटली देऊन टाकली. मले म्हने, वसंताले सांगजो नोको. त्याले पानी आनू दे... नाहीतं तो घरातून निंघनार नाही." त्या दुकानासमोरून मी प्रत्येक खेपेला कॅन घेऊन गेलो होतो. दुकानदार सलाम करायचा. मी मोठ्या रुबाबात मान हलवायचो.

अमरावतीला फोटो मोठा करून घेतला आणि भाभींना घेऊन सुमनबाईंकडे गेलो. त्यांनी आधी पाय बघितले. मग वर बघितलं. "उभी आहो," म्हणाल्या, आणि बराच वेळ फोटो हातातच धरून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "याची एक लहान कापी करून द्या. पेपरवाले येतीन तं आता हेच देतो त्याइले."

परत भाभींच्या घरी आलो तेव्हा गाडीला वेळ होता. न्हाणीतल्या बाटल्या त्यांनी हलवल्या नव्हत्या, घड्याळाखालची त्यांची बसायची जागाही तिथेच होती. कॅन मी मुद्दाम तिथेच विसरायचं ठरवलं होतं. आता तिचं काय काम, असं मला वाटत होतं. भाभींनी ती धुऊन, झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली.

"पुढच्या आठवड्यात भरून आनजा, भैया," त्या म्हणाल्या. "बॅटरीच्या पान्याचा चहा नाही होत."