भुलीच्या डॉक्टरांचा अंगठा

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी वाशीमला नर्स होते आणि ऑपरेशन असलं की अकोल्याहून एसटीने भुलीचे डॉक्टर यायचे. त्यांना नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. रोग्याच्या उशाशी स्टुलावर बसून ते दोन बोटं त्याच्या कानापुढच्या नाडीवर ठेवायचे. त्या ठेक्यावर त्यांच्या अनवाणी पायाचा अंगठा फरशीवर हलायचा. त्यांना याचा पत्ताच नसायचा. आम्ही मात्र अंगठ्याकडे बघूनच रोगी कसा आहे ते ओळखायचो.

एकदा अनसिंगच्या एका बाईचं पोट उघडताच अंगठा भराभर हलू लागला. प्रेशरही चढलं. नवे सर्जन म्हणाले, "झोपलीय ती. तिला काय कळतंय?"

"बाई झोपली, साहेब. तिचं काळीज जागंच हाये. त्याले दुखून राह्यलं," असं म्हणत भुलीच्या डॉक्टरांनी शिरेतून थोडं मॉर्फिन दिलं. अंगठा हळूहळू संथ झाला.

पुढे माझंच अपेंडिक्स निघालं. टेबलावर पडल्यावर तो अंगठा दिसेना, तशी मी घाबरले आणि त्यांना अंगठ्याचं सगळं सांगून बसले. त्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि लाजून हसले.

मी शुद्धीवर आल्यावर सोबतची नर्स म्हणाली, "बाई, आज अंगठा हाललाच नाई. त्याईनं पाय दुमडून घेतला होता."

त्यानंतर तो कधीच हलला नाही. मी गप्प राहायला हवं होतं.